संध्याकाळची बोट

(दुपारचे बारा. बाळ आत्ताच खांद्यावर झोपलंय, त्यामुळे सगळं बोलणं कुजबुजत.)

सून — ते जेवायचं नंतर. आधी मला एवढंच सांगा आई, ती बाई परत येते की नाही?

सासू — कोण बाई?

सून — हळू! आत्ता कुठे डोळा लागलाय पिटुकलीचा. कादंबरीतली बाई. तान्ह्या पोराला बहिणीकडे ठेवून बोटीत बसते ती.

सासू — येते की. सांगितलं होतं ना तुला.

सून — कधी येते?

सासू — संध्याकाळच्या बोटीनं.

सून — कितव्या पानावर?

सासू — आता पान कोण लक्षात ठेवतं? शेवटी शेवटी.

सून — पुस्तक तुमच्या मांडीवरच आहे. काढून दाखवा.

सासू — चष्मा कुठे ठेवला मी...

सून — कपाळावर आहे.

सासू — असं उलटतपासणीला घेतल्यासारखं काय बोलतेस? झालंय काय?

सून — मगाशी तुम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतात ना, तेव्हा पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. ज्या बाईंनी ही कादंबरी लिहिली, त्यांचं पत्र आलंय. दोन ओळी. माझ्या तोंडपाठ झाल्यात. 'तुमच्या सदरात माझ्या पुस्तकाबद्दल फार प्रेमानं लिहिलंय. पण माझ्या पुस्तकात संध्याकाळची बोट नाही, ती तुम्ही कुठून आणलीत?'

सासू — अगं बाई.

सून — अगं बाई काय! परत येते की नाही?

सासू — नाही येत.

सून — काय?

सासू — नाही येत. जाते ती जाते. पोर बहिणीकडे वाढतं. संपलं.

सून — आणि तुम्ही मला सांगितलंत, ती परत येते, धक्क्यावर बहीण पोराला घेऊन उभी असते, पोर तिला ओळखत नाही आणि मग तिच्या बोटाला धरतं...

सासू — बोटाला धरतं ते बरं जमलं होतं मला.

सून — मी छापलं ते! चाळीस हजार घरांत जातो तो पेपर. ते बोट धरणं म्हणजे सगळ्या पुस्तकाचा कळस आहे असं लिहिलंय मी.

सासू — आवाज. उठेल ती.

सून — दर महिन्याला एक पान. काय वाचलं, काय पाहिलं, काय ऐकलं. चार वर्षं झाली, एक महिना चुकवला नाही. दवाखान्यात टाके ओले होते तेव्हासुद्धा फोनवर लिहून पाठवलं. नोकरी गेली, मैत्रिणी गेल्या, माझं म्हणून एक कपाट होतं त्यातसुद्धा आता लंगोट आहेत. हे एवढं एक पान उरलंय आई. आणि आता साडेबाराच्या आत मी खुलासा द्यायचाय. साडेबाराला पान बंद होतं. नाही दिला तर पत्र तसंच छापतील, त्यांच्या नियमानं.

सासू — मग टाक ना माझ्यावर. म्हातारीला दिसत नाही, म्हातारीनं भलतंच सांगितलं. कोण मला फाशी देतंय?

सून — असं नाही टाकता येत.

सासू — का? खरंच तर आहे.

सून — मी पुस्तक वाचलंय असं लिहिलंय ना!

सासू — हं. 'शेवटची वीस पानं मी उभ्यानं वाचली. बसायचं सुचलं नाही.'

सून — तुम्हाला पाठ आहे?

सासू — सगळी पाठ असतात मला तुझी. ते उभ्यानं वाचलेलं मी सांगितलं होतं का गं?

सून — नाही.

सासू — तेव्हा तू तिला पाजत होतीस. आडवी पडून. मी इथं, ह्या खुर्चीत बसून सांगत होते. मी बोट घातली, तू पाय घातलेस. तेव्हा निम्मं निम्मं.

सून — हसू नका. मला खरंच भीती वाटतेय.

सासू — हसत नाहीये मी.

सून — पण का केलंत असं? मी चाळीस पानांवर अडकले होते. तुम्ही म्हणालात, मी वाचते आणि रोज तुला सांगते. मी विश्वास ठेवला. सगळं जसंच्या तसं सांगितलंत, बहिणीच्या घराचा रंगसुद्धा. मग शेवटीच काय झालं?

सासू — आमचा नियम होता.

सून — कसला नियम?

सासू — बटणखात्यातला. शर्टांचा कारखाना होता आमचा, तुला माहितेय. पण आमच्या खात्यात मशीन नव्हतं, बटणं हातानं लावायची. बावीस बायका, एक लांब टेबल. हात कामात, कान रिकामे. एकीनं घरी वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना सांगायचं. सत्तावीस वर्षं मीच सांगत आले. माझ्याइतकं रंगवून कुणाला जमायचं नाही, उगाच नाही सांगत.

सून — आणि नियम?

सासू — टेबलावर कुणी नवी बाळंतीण असली, तर तिच्यादेखत वाईट शेवट सांगायचा नाही. बदलायचा. बाकीच्या एकवीस जणींना खरा ठाऊक असायचा. जेवणाच्या सुट्टीत तिला वगळून सांगून टाकायचे मी. पण तिच्यासमोर कुणी ब्र काढायची नाही. पोर चालायला लागलं की मग तिला खरा शेवट. पोर चालत आणायचं दाखवायला, आणि शेवट घेऊन जायचा.

सून — आई, मी काही तुमच्या बटणखात्यात नव्हते.

सासू — आमची पिटुकली अजून चालत नाही.

सून — मी शिकलेली बाई आहे! दुःखी शेवट काय मी पहिल्यांदा वाचणार होते? तुम्हाला वाटलं, ही ऐकेल आणि मोडून पडेल?

सासू — मोडून पडशील असं नव्हतं वाटलं.

सून — मग काय वाटलं?

सासू — राहू दे. फोन कर त्यांना.

सून — काय वाटलं?

सासू — जाशील असं वाटलं.

सून — कुठे?

सासू — ते तुलाच माहीत. त्या मंगळवारी तू जिन्यात उभी होतीस. पिटुकली आत टाहो फोडत होती. पायात चपला, खांद्याला पर्स. मी खालून भाजी घेऊन येत होते.

सून — मी दूध आणायला निघाले होते.

सासू — दोन पिशव्या होत्या घरात. मीच आणलेल्या.

सून — मला दिसल्या नाहीत.

सासू — बरं.

सून — खरंच नाही दिसल्या.

सासू — मी कुठे काय म्हणतेय? तू मला बघितलंस, वळलीस, आत गेलीस, तिला घेतलंस. झालं. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं, तर हे प्रकरण निघालं. ती बाई चपला घालते, पिशवी घेते आणि पोराच्या रडण्याकडे पाठ करून जिना उतरते. सात पानं नुसती जिना उतरते ती. मी काय करायला हवं होतं? वाचून दाखवायचं?

सून — म्हणून ही खुर्ची इथं आली.

सासू — कुठली खुर्ची?

सून — तुम्ही बसलायत ती. पूर्वी खिडकीपाशी असायची. त्या आठवड्यापासून दाराला लावून बसता. मला वाटलं तुम्हाला वारा हवा असतो.

सासू — वारा येतोच इथं.

सून — दोन महिने दार अडवून बसलायत तुम्ही?

सासू — अडवून कशाला? बसले होते. वाचत.

सून — याला सांगितलंत?

सासू — तुझ्या नवऱ्याला? त्याला काय कळतंय! त्याला वाटतं पोरं पिशवीतून येतात आणि आपोआप झोपतात.

सून — आई, मी गेले नसते.

सासू — माहितेय.

सून — कोपऱ्यापर्यंत गेले असते फार तर.

सासू — मी बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत गेले होते.

सून — तुम्ही?

सासू — तुझा नवरा चार महिन्यांचा होता. शेजारणीला म्हटलं, जरा धर, दुकानात जाऊन येते. आणि समोर आली त्या बसमध्ये बसले. उतरावंसंच वाटेना. शेवटी कंडक्टरनं उतरवलं. तिथल्या बाकावर बसून राहिले. मग छाती भरून आली, दुधानं सगळं पोलकं भिजलं. लोक बघायला लागले. संध्याकाळच्या बसनं परत आले.

सून — मग?

सासू — मग काय? शेजारीण म्हणाली, दुकान लांब होतं वाटतं. आणि त्यानं माझं बोट धरलं.

सून — आई, म्हणजे ती बोट...

सासू — रडू नकोस. खांदा हलतोय तुझा, उठेल ती. फोन वाजतोय बघ.

सून — माझा हात मोकळा नाही. तुम्ही धरा. ते हिरवं दाबा. आता स्पीकरचं. हॅलो, ताई?

संपादक — ऐकू येत नाहीये. घसा बसलाय का तुझा?

सून — बाळ झोपलंय, ताई.

संपादक — बरं. बारा वाजून दहा झालेत. मी तुझ्यासाठी एक चौकट लिहून ठेवलीय. 'दोन पुस्तकांच्या टिपणांची गल्लत झाली, दिलगीर आहोत.' हो म्हण, पान छपाईला सोडते. कुणाला काही कळत नाही, कुणी काही विचारत नाही.

सून — गल्लत नाही झाली.

संपादक — मला ते ऐकायचं नाहीये.

सून — मी पुस्तक वाचलं नव्हतं. चाळीस पानं वाचली होती.

संपादक — हे मला सांगायची गरज होती का? चांगली झाकली मूठ होती. आता मी तुला एक विचारते. त्याच सदरातलं ते नाटक तरी पाहिलंस?

सून — मध्यंतरापर्यंत. आणि तसं लिहिलंय मी. पाजायला घरी यावं लागलं.

संपादक — आणि ते व्हायोलिन? 'दर वेळी नवं वाटतं' वगैरे?

सून — ते पूर्ण ऐकलंय. दिवसातून अकरा वेळा. पिटुकली त्याच्यावरच झोपते.

सासू — ऐकलंय हो. बिजागरीला तेल नसल्यासारखं वाजतं ते. मी साक्षीला आहे.

संपादक — कोण बोललं?

सून — माझ्या सासूबाई. कादंबरी त्यांनी वाचली. मी त्यांच्याकडून ऐकली. ताई, तुमच्याकडे पेन आहे? खुलासा सांगते, तसाच घ्या.

संपादक — सांग. पण लक्षात ठेव, चौकट अजून माझ्या हातात आहे.

सून — 'गेल्या महिन्यातली कादंबरी मी वाचली नव्हती, ऐकली होती. उभ्यानं वाचली, हे मी खोटं लिहिलं. मला वाचायला वेळ नव्हता आणि ते कबूल करायची लाज वाटली. शेवट सांगणारीनं बदलला. का बदलला, ते मला आज कळलं.'

संपादक — पुढे?

सून — 'लेखिकाबाईंनी विचारलंय, ही बोट कुठून आणली. ती आमच्या घरची आहे.' बस, एवढंच.

संपादक — हे छापलं तर लोक हसतील तुला. वर म्हणतील, हिची आधीची सदरं तरी खरी होती का?

सून — म्हणू देत.

संपादक — सदराचं सोमवारच्या बैठकीत ठरेल. मी तुझ्या बाजूनं बोलेन, पण वचन देत नाही. बंद झालं तर?

सून — तर झालं.

संपादक — चौकट की हे?

सून — हे.

संपादक — ठीक आहे. पान सोडते. आणि... सासूबाई आहेत ना अजून तिथं?

सासू — आहे की.

संपादक — मला तुमचाच शेवट आवडला होता. ठेवते.

सासू — भली बाई आहे. पण काय गं हे, सरळ गल्लत म्हणायचं होतं. आता सोमवारी काढलं तुला तर? माझ्यापायी?

सून — निम्मं निम्मं म्हणालात ना मगाशी?

सासू — तोंडाला येतं ते बोलते मी. ते तुझं एकटीचं पान होतं.

सून — पुस्तक द्या इकडे.

सासू — कशाला?

सून — शेवट वाचायचाय. खरा.

सासू — पोर चालायला लागलं की.

सून — आई.

सासू — सात पानं जिना आहे. परत सांगते.

सून — वाचते मी. तुम्ही हिला घ्या. हळू, मान सांभाळा. आणि ती खुर्ची तिथून उचलू या.

सासू — कुठे नेतेस?

सून — खिडकीपाशी. तिथं उजेड आहे.

सासू — आणि तू कुठे बसणार?

सून — मी उभ्यानं वाचते.