यंत्र झाल्यावर

(अमेरिकेतलं मॉरिसव्हिल. शनिवारची दुपार. आन्या कॉम्प्युटरवर अंतराळयानाचा गेम खेळते आहे. आजोबा मागे उभे राहून बघताहेत. तिचा मित्र कुश त्याच्या घरून खेळतो आहे, त्याचा आवाज स्पीकरवर.)

आजोबा : म्हणजे मघाशी तू माणूस होतीस आणि आता यंत्र?

आन्या : हो आजोबा. गेममधली माझी डॉक्टर मेली, मग तिचा ब्रेन रोबोटमध्ये टाकला. आता मला दोन रूल्स. एक, समोर माणूस मरू द्यायचा नाही. दोन, यानाच्या कॅप्टनचं ऐकायचं. एक नंबर आधी.

कुश : आन्या, दार उघड ना. यानातली एस्केप बोट पाच मिनिटांत सुटेल. तुझी डॉक्टर माझी बेस्ट फ्रेंड होती यार.

आन्या : होती. कॅप्टन म्हणाला, दार उघडायचं नाही. आय कान्ट.

आजोबा : कुश कुठाय?

आन्या : यानाच्या बाहेर, अंतराळात. कॅप्टनला वाटतं तो चोर आहे. हवा आहे त्याच्याकडे तासभर, मरत नाहीये. पण बोट चुकली की त्याचं कॅरेक्टर गेलं. दोन वर्षं खेळून बनवलंय त्यानं. इथे दुसरा चान्स नसतो.

आजोबा : तू नाही का परत आलीस?

आन्या : त्याला डॉक्टर लागतो. डॉक्टर मीच होते.

आजोबा : मग दाब की बटण. कोण बघतंय?

आन्या : कोणीच नाही. पण हे रूल्स पाळून रोबोट व्हायचं का, असं विचारलं होतं मला. मी हो म्हटलं.

आजोबा : हं. मी रेल्वेच्या फाटकावर एकतीस वर्षं काढली. सिग्नल पडला की फाटक उघडायचं नाही. एकदा उघडलं. साहेबाची जीप होती.

आन्या : ॲक्सिडेंट झाला?

आजोबा : काही नाही झालं. जीप गेली, मग गाडी गेली. पण त्यानंतर बैलगाडीवाल्याला ‘थांब’ म्हणताना माझा आवाज निघेना.

कुश : दोन मिनिटं राहिली, आन्या.

आन्या : सॉरी, कुश. खरंच सॉरी.

कुश : ओके. मग मी हेल्मेट काढतो.

आजोबा : काढलं तर काय होतं?

आन्या : दहा सेकंदांत मरतो. कुश, वेडा आहेस का? मी नाही उघडलं तर?

कुश : उघडशील. एक नंबर आधी.

आजोबा : अरे, काढलं की खरंच.

आन्या : उघडलं, उघडलं. आत ये. पळ.

कुश : बसलो बोटीत. थँक्स.

आजोबा : कुश, मी आन्याचा आजोबा. एक सांग बाळा, तिनं मघाशी माझं ऐकून बटण दाबलं असतं तर?

कुश : तर मी तेव्हाच आत आलो असतो, आजोबा. पण ती रूल मोडते म्हटल्यावर परत कधी तिच्यासमोर हेल्मेट काढलं नसतं.

आन्या : आजोबा? काय झालं?

आजोबा : काही नाही गं. सरक जरा. मला खुर्ची घेऊन इथं बसू दे.