हवालदाराच्या विनोदाआधी चौदा कादंबऱ्या

...नाही, पण चौदा कादंबऱ्या! चौदा! त्याही कसल्या, तर शंभर शंभर वर्षांच्या, कसरीने खाल्लेल्या, पान उलटलं की शिंक, शिंक आवरली की पान हातात, आणि हे सगळं कशासाठी, तर एका विनोदाला हसता यावं म्हणून! तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

थांबा, नीट सांगतो. आमची शैला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, दीड वर्षापूर्वी बंगळुरूला गेल्या, मुलाकडे, अजेयकडे, नातीला सांभाळायला. 'तीन महिन्यांत येते' म्हणाली होती... असो. मीही गेलो होतो की! पण पंधरा दिवसांत सुनेच्या सगळ्या डब्यांवर नाव, तारीख आणि 'तपासले' अशी लेबलं चिकटवली, तेव्हा अजेय म्हणाला, "बाबा, चौक गावचं घर फार दिवस बंद ठेवणं बरं नाही हो." घराची काळजी! माझी नाही, घराची! आलो परत. आता घर आणि मी, बघत बसतो एकमेकांकडे.

रोज फोन होतो, नाही असं नाही. "जेवलात?" "जेवलो." "गॅस बंद केलात?" "केला." "बरं, उठली हो ही, ठेवते." संपलं! छत्तीस वर्षांचा संसार आणि बोलायला विषय एक, गॅस! एकटं वाटतं हो, खोटं कशाला बोलू?

तर जाताना ती कपाटात पुस्तकांची एक मालिका ठेवून गेली. पाच भाग, विनोदी. कल्पना अशी की एक हवालदार आहे, त्याची ड्युटी जुन्या कादंबऱ्यांच्या आत. एका कादंबरीतला खलनायक पळतो, दुसरीत जाऊन मुंडावळ्या बांधतो, आणि हा शिट्टी फुंकत मागे! शैला ते वाचताना अशी हसायची, अशी हसायची, की तव्यावर पोळी करपायची. मी विचारायचो, "काय गं, झालं काय?" तर म्हणे, "तुम्हाला नाही कळायचं, आधी मूळ कादंबऱ्या वाचलेल्या लागतात." म्हटलं, ठरलं! आपण वाचायचं, आणि फोनवर दोघांनी हसायचं. गॅसचा विषय बंद!

पण मी रसायनीला केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस. आलेल्या प्रत्येक ड्रमचं सॅम्पल घ्यायचं, कच्चा माल पास झाल्याशिवाय बॅच लावायची नाही! मग विनोदाला वेगळा नियम का? आधी मूळ कादंबऱ्या, सगळ्या, मग हवालदार. काय चुकलं माझं?

गेलो कर्जतच्या वाचनालयात. तिथली ग्रंथपाल भाविका कपाटामागून म्हणते, "काका, हे शेवटचं सत्त्याऐंशी साली कुणीतरी नेलं होतं... तुम्हाला नक्की हेच हवंय?" हेच! आणलं. त्यात नायिका पहिल्या पानावर दारात उभी राहते, ती थेट दोनशे चाळिसाव्या पानावर घरात येते! मधे काय? उसासे! प्रत्येक पुस्तकाला मी वहीत शेरा दिला. 'रंग पिवळट. अश्रूंचं प्रमाण मर्यादेबाहेर. पास.' नापास करून सांगतो कुणाला? चौदा महिने गेले त्यात.

आणि गेल्या मंगळवारी, दुपारी, भाग पहिला उघडला. पान एकोणीस. हवालदार त्या दारातल्या बाईला म्हणतो, "बाई, एक तर आत जा नाहीतर बाहेर या, दोनशे चाळीस पानं रस्ता अडवलाय, पावती फाडू?" अहो, मी जो हसलो! चष्मा खाली, डोळ्यांत पाणी! शेजारच्या गौराबाई कुंपणावरून, "काय वो शशीभाऊ, येकटंच हसताय? बरं हाय ना?" म्हटलं, उत्तम आहे! आणि तसाच वळलो स्वयंपाकघराकडे, 'अगं ऐकलंस का' म्हणायला... तिथे कोण असणार?

लगेच फोन लावला. "शैला, पान एकोणीस! पावती फाडू!" "कसली पावती? हेल्मेट नव्हतं घातलंत?" "अगं हवालदार! दारातली बाई!" "कोण बाई? कुणाच्या दारात?" विसरली! पार विसरली! दीड वर्ष नुसतं भूभू आणि माऊ, दुसरं काही डोक्यात राहणार कसं? मग हळूच म्हणाली, "अहो, दमले हो मी. तुम्हीच सांगा ना काय होतं ते."

सांगितलं. कच्च्या मालापासून! नायिका, तिचा बाप, तो उंबरा, ते उसासे, सगळं क्रमाने. माझं काय चुकलं? अर्ध्या तासाने पावतीपर्यंत पोचलो, म्हटलं आता हसेल, थांबलो... तर पलीकडून घोरणं! नातीला झोपवता झोपवता आजी झोपली! चौदा कादंबऱ्या पचवलेल्या माणसाच्या विनोदाला घोरणं!

फोन? नाही, फोन नाही ठेवला मी. तेच ते मधेच अडकणारं घोरणं, ज्यावरून छत्तीस वर्षं रोज भांडलो, ते कानाला लावून बसलो... सव्वा तास. आणि ठेवायचा कशाला हो? पॅक अनलिमिटेड आहे.