नुसतं उकडायचं तर असतं

...आणि वर तोंड करून म्हणतात, "नुसतं उकडायचं तर असतं!" नुसतं? अहो, नुसतं उकडायचं असतं तर माझी तक्रार काय होती? उकडायला लागतं काय, पातेलं, पाणी आणि जाळ, तिन्ही माझ्या घरात होती! पण तुम्हाला सांगतो, आमच्या न्यूफाउंडलंडच्या खाडीत रविवारचं जेवण रांधायला घेणं म्हणजे होडी बांधायला घेण्यासारखं आहे, तुम्ही पहिली फळी ठोकलीत की अख्खं गाव हात मागं बांधून बघायला हजर, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, फळी उलटी लागलीय.

आता मी अँब्रोज पिअर्सी, माझा सगळा जन्म समुद्रावर गेला. कॉड साफ करायला सांगा, डोळे मिटून करीन. पण मासा साफ झाला की तो एफीच्या हातात द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं, हा आमच्या संसाराचा कायदा. एफी म्हणजे बायको. तिच्या स्वयंपाकघरात मला जागा होती ती खिडकीखालच्या दिवाणावर, तीही बूट काढून ठेवले तर. तिथं पडल्या पडल्या मी इतकी वर्षं रविवारचं पातेलं रटरटताना ऐकलंय, त्याच्या वासावर किती वाजले ते सांगू शकतो, पण आत काय कधी पडतं, ते विचारायची वेळच आली नव्हती.

ती आली. एका सकाळी एफी चहाचा कप ठेवता ठेवता खुर्चीत बसली ती उठेचना, चेहरा पांढराफटक. अँब्युलन्स आली, तिला घेऊन शहरातल्या हॉस्पिटलात गेली, हृदयाचं दुखणं म्हणाले. मी दारात उभा. तुम्हाला खोटं कशाला सांगू, वादळात बोट उलटायला आली तेव्हासुद्धा एवढा घाबरलो नव्हतो. बोटीत निदान पाणी उपसता येतं हो, इथं हाताला काही कामच नाही!

तर ती तिकडं आणि मी इकडं. मला एकच गोष्ट करता येत होती, टाउटन. आयतं पावाचं पीठ आणायचं, गोळा तळहाताएवढा थापायचा, डुकराच्या चरबीचे तुकडे तव्यात टाकून ते कुरकुरीत होईपर्यंत हलवायचे, त्या सुटलेल्या चरबीत गोळा सोडायचा, दोन्ही बाजूंनी तांबूस करायचा आणि वरून काकवी ओतायची. संपलं. मी सकाळी टाउटन खाल्ला, दुपारी टाउटन खाल्ला, रात्री बदल म्हणून टाउटनवर जास्त काकवी घातली. एफीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आता माझ्या शेजारच्या खाटेवर तूच येणार."

आणि हॉस्पिटलातलं जेवण! रोज संध्याकाळी फोनवर तेच. पांढरा मासा, पांढरा भात, पांढरं काहीतरी, ओळखायचं कसं तर म्हणे डब्यावर नाव असतं त्यावरून. आणि शेवटी एक उसासा, "अँब्रोज, मला घरी आल्यावर दुसरं काही नको रे, फक्त रविवारचं जेवण हवं." मी म्हटलं, "मी करतो." पलीकडं एकदम शांत. मला वाटलं फोन कटला. मग हळूच आवाज आला, "कोण?"

आता सांगा, माणसाला राग येणार की नाही? खरं तर शेजारची सेलिना आत्या म्हणत होतीच, मी करून आणते. एफीची बहीण मर्टल म्हणत होती, मी आणते. मी म्हटलं, नाही, माझ्या बायकोचं आहे, मी करणार. अहो, तीन आठवडे हातावर हात ठेवून बसलो होतो, तिच्यासाठी काहीतरी माझ्या हातून व्हावं एवढंच होतं मनात. एकच रविवार करायचा, नीट करायचा, आणि परत दिवाणावर जाऊन पडायचं, हा माझा हिशेब.

तर मी दुकानातून, बादलीत भरून विकतात ते खारं बीफ आणलं. ते मिठाच्या पाण्यात इतकं मुरलेलं असतं की तसंच खाल्लंत तर आठवडाभर विहिरीवरून उठणार नाही तुम्ही. मी सेलिना आत्याला विचारलं, पुढं काय? आता आत्याचं वय ऐंशीच्या पुढं, साठ वर्षं दर रविवारी हे रांधतेय, ती म्हणाली, "काय अँब्रोज, नुसतं उकडायचं तर असतं बाबा!" आणि मग जी सुरू झाली! म्हणे, मांस आदल्या दिवशी गार पाण्यात भिजत घालायचं, मीठ सुटलं की पाणी बदलायचं. पिवळ्या वाटाण्याची डाळ फडक्याच्या पिशवीत घालून त्याच पातेल्यात सोडायची, पण गाठ सैल मारायची, डाळ फुगते, घट्ट बांधलीस तर आत दगड होईल. शिजली की लोणी आणि मिरी घालून घोटायची. मी म्हटलं, आत्या, हे नुसतं उकडणं आहे? ती म्हणाली, मग काय!

बाहेर पडतो तर हुबर्ट. हा माझा जुना जोडीदार, एका बोटीवर काढलीत आम्ही वर्षं. बायको गेल्यापासून स्वतः रांधतो, त्यामुळं त्याला वाटतं की अख्ख्या न्यूफाउंडलंडला रांधायला त्यानंच शिकवलं. "नुसतं उकडायचं असतं रे येड्या," म्हणाला, "पण क्रम चुकला की मेलास." आधी मांस, ते तासभर एकटं. मग सलगम, ते हट्टी असतं. मग गाजर. मग बटाटे. कोबी सगळ्यात शेवटी, आणि देठ कापायचा नाही, नाहीतर पान पान सुटून पातेलंभर फिरतं. तुम्हाला सांगतो, इंजिन उघडताना सुटे भाग मांडतो ना, तशी मी त्या भाज्यांची ओट्यावर रांग लावून ठेवली.

मग मर्टलचा फोन. नुसतं उकडायचं तर आहे भावोजी, पण वर पिठाचे गोळे सोडायला विसरू नका, आणि एकदा गोळे सोडले की झाकणाला हात लावायचा नाही, वाफ गेली की गोळे बसले! बरं बाई, नाही लावत.

शनिवारी दुपारी मी मांस भिजत घातलं. संध्याकाळी शहाण्यासारखं पाणी बदललं. एवढंच मी केलं, देवाशपथ. बाकी वेळ मी मागं लाकडं फोडत होतो, मग दिवाणावर जरा डोळा लागला, रविवारी सकाळी चर्चला जाऊन आलो. आता आमच्याकडे दार वाजवायची पद्धत नाही. दार वाजलं तर माणूस घाबरतो, वाटतं पोलीस तरी आलेत नाहीतर कुणी परका वाट चुकलाय. ओळखीचा माणूस सरळ आत येतो, किटली हलवून बघतो, चहा असला तर ओतून घेतो आणि तुम्ही नसलात तरी घराकडं जरा बघून जातो. चांगली पद्धत आहे, माझी काही तक्रार नाही... म्हणजे नव्हती.

रविवारी पातेलं चढवलं आणि हे तिघंही आत. सेलिना आत्या डाळीच्या पिशवीची गाठ बघायला, हुबर्ट क्रम बघायला आणि मर्टल गोळे बघायला. बघायला म्हणजे कसं, झाकण उचलून! झाकणाला हात लावू नका म्हणणारी मर्टलच सगळ्यात आधी झाकण उचलून आत डोकावली. मी म्हटलं, अगं वाफ! ती म्हणाली, मी उचललं तर चालतं, मला कळतं. पुढं मी लाकडं आणायला बाहेर गेलो तेव्हा आत काय चाललं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं.

दुपारी टॅक्सी आली. एफी उतरली, बारीक झालेली, कोट खांद्यावरून ओघळत होता. दारात थांबली, डोळे मिटून वास घेतला. मला वाटलं, जिंकलो! सगळे बसले, या तिघांना कुणी जेवायला बोलावलं नव्हतं, पण ताटं त्यांनी आधीच मांडली होती. प्रार्थना झाली, मी वाढलं, मांस, डाळ, सलगम, गाजर, बटाटे, कोबी, गोळे बसले होते पण गोळेच होते. आणि सगळ्यांनी पहिला घास घेतला.

काय सांगू तुम्हाला... हुबर्ट चावत राहिला, चावत राहिला, मग मोहरीच्या लोणच्याची बरणी ओढली आणि निम्मी ताटात उपडी केली. सेलिना आत्या म्हणाली, "मऊ शिजलंय हो." मऊ! जेवणाबद्दल मऊ शिजलंय म्हणतात तेव्हा काय समजायचं ते मलाही कळतं. मर्टलचा हात मिठाच्या डबीकडं निघाला, आत्यानं असं बघितलं की तो हात लोण्यावर जाऊन थांबला. मग मी खाल्लं. अहो, त्या मांसाला चवच नव्हती! ओला पुठ्ठा खाल्ल्यासारखं! नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, इथं मी आवडतीसाठी जीव टाकून केलेलं सगळं ठार अळणी.

मी हळूच विचारलं, पाणी कुणी बदललं होतं का? तर सेलिना आत्या म्हणाली, मी शनिवारी आले होते, तू लाकडं फोडत होतास, पुरुषमाणूस, विसरला असशील म्हणून बदललं. हुबर्ट म्हणाला, मी पण, तू घोरत होतास. मर्टल म्हणाली, मी सकाळी, तुम्ही चर्चला गेला होतात तेव्हा. आणि मग आत्यानं सावकाश सांगितलं की पातेलं उकळत असतानासुद्धा वरचं पाणी खारट असणारच म्हणून तिनं अर्धं ओतून नवं घातलं, आणि हुबर्ट म्हणाला, अर्धं? मी पण अर्धं ओतलं! मी म्हटलं, चाखून बघितलं का कुणी? तिघंही आपापल्या ताटात बघायला लागले. चाखायचं कशाला, एवढं तर सगळ्यांना कळतं, नुसतं उकडायचं तर असतं!

आणि एफी रडत होती. खाली मान घालून, टपटप. तीन आठवडे या बाईनं एकच मागितलं होतं, आणि मी तिच्यापुढं काय ठेवलं? मी म्हटलं, "राहू दे एफी, नको खाऊस, पुढच्या रविवारी आत्या करील." तर तिनं मान वर केली आणि ताट पुढं केलं.

"मांस अजून वाढ," म्हणाली. "गुरुवारी डॉक्टरनं माझं मीठ बंद केलं. कायमचं. मी कुणाला बोलले नाही. तू फोनवर मांस आणल्याचं इतकं कौतुकानं सांगत होतास, मी कुठल्या तोंडानं सांगणार? टॅक्सीत ठरवून आले होते, दोन घास तोंडात फिरवायचे आणि भूक नाही म्हणायचं. मला वाटलं, रविवारचं जेवण आता संपलं आपलं. आणि पहिला घास घेतला तर... मीठच नाही!"

मी तिच्या ताटात मांस वाढलं. हुबर्टनं नाक शिंकरलं आणि लोणच्याला दोष दिला. एफीनं सगळं खाल्लं, डाळ दोनदा घेतली, आणि जेवून झाल्यावर ती दिवाणावर पडली, माझ्या दिवाणावर, आणि मी भांडी घासली. इतक्या दिवसांनी त्या घरात तिचा झोपेतला श्वास ऐकू येत होता, मी भांडी मुद्दाम सावकाश घासत होतो. सुख होतं हो ते.

गावात येणाऱ्या नर्सबाईंना उरलेलं दाखवलं, तर त्यांनी चाखलं आणि म्हणाल्या, "हे चालेल, ह्यात काहीच नाही." आता झालं का? मला वाटलं, पुढचा रविवार आत्याकडं. आत्यानं मनापासून प्रयत्न केला, पण दोनदा पाणी बदलल्यावर तिला त्या मांसाची दया आली, पुढं तिचा जीवच होईना. मर्टलनं केलं तर तिचा हात सवयीनं डबीकडं गेलाच. साठ साठ वर्षांच्या सवयी हो, चांगलं रांधणाऱ्या बायका, त्यांना वाईट करताच येत नाही!

म्हणून काय, तर दर रविवारी मी. शनिवारी भिजत घालतो, येता जाता पाणी बदलतो, सकाळी रांगेत भाज्या मांडतो, आणि एफी माझ्या दिवाणावर बूट घालून पडलेली असते. परवा चर्चमधून पाद्री जेवायला आले, त्यांनी एक घास घेतला आणि विचारपूस करावी तसं बघितलं माझ्याकडं. तर एफी अभिमानानं म्हणाली, "अख्ख्या खाडीत असं कुणाला जमत नाही. आमच्या अँब्रोजच्या हाताला अजिबात चव नाही, म्हणून मी जिवंत आहे."

अहो, एवढा संसार झाला, चारचौघांत बायकोनं माझं कौतुक पहिल्यांदा केलं, आणि ते हे! काय बोलणार? म्हटलं, अजून थोडं वाढू?