पिंजून बारीक झालेली गादी

कापूस एकाधिकाराच्या काळात मी जळगावात गाद्यांचं दुकान कसं चालवलं, ते ऐका. शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी केंद्रावरच द्यायचा, असा कायदा. मग मी गाद्यांत भरू काय? पहूरच्या नानांच्या शेतात कापूस पिकायचा, त्यांना माझी कीव आली. त्यांच्या घरी त्यांच्या पत्नी अक्का कापसातली सरकी हाताने काढायच्या आणि तो कापूस एका जुन्या गादीत ठासून भरायच्या. नाना दर आठवड्याला ती गादी एसटीच्या टपावर टाकून 'पिंजायला' आणायचे. मी कापूस काढून घ्यायचो आणि संध्याकाळी नाना जवळजवळ रिकामी खोळ घेऊन परत जायचे.

एकदा त्यांना सोडायला स्टँडवर गेलो, तर चोरटा कापूस पकडणारे इन्स्पेक्टर समोर उभे.

"नाना, सकाळी ही गादी दोन माणसांनी टपावरून उतरवली. आता काखेत कशी मावली?"

मी नानांच्या मागे सरकलो. नाना मात्र शांतपणे म्हणाले, "पिंजल्यावर बठ्ठी हवा निंघी जास ना, साहेब."

सगळी हवा निघून जाते म्हणे! पिंजलेली गादी उलट फुगते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. साहेबांनी एकदा नानांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "बसा नाना, गाडी सुटेल."

रविवारी साहेब स्वतः दुकानात आले. खांद्यावर घरची गादी.

"पिंजून द्या," म्हणाले. "फक्त हिच्यातली हवा तेवढी राहू द्या."