मिलीबगची रांधणारी

विट्याकडं निघालेली एसटी सांगलीतच भरली होती. कृषी कॉलेजात शिकणाऱ्या भाग्यश्रीनं उभ्यानंच आपली पिशवी खिडकीजवळच्या तानुबाईंच्या मांडीवर ठेवायला दिली. तानुबाईंशेजारी भाग्यश्रीची आज्जी, चंदनबाला, बसली होती. माणदेशात मेंढरं राखणाऱ्या तानुबाईंची नजर बाहेर होती, कान मात्र आत.

"आज्जी, द्राक्षावरचा मिलीबग, तो पांढरा पिठ्या ढेकूण, नुसता रस पितो. त्यात साखरेशिवाय फारसं काही नसतं."

"मग जगतो कशावर गं?"

"पोटातल्या जिवाणूंवर. ते त्याला बाकीचं अन्न करून घालतात. आई अंड्यातच पोरांना जिवाणू देते."

"अगं बया! म्हंजे एक जीव न्हवं त्यो?"

"कुठला एक! काही जिवाणूंच्या पोटात आणखी दुसरे जिवाणू."

"णमो अरिहंताणं! आन् मी चतुर्दशीला तरी औषध फवारू नका म्हणून तुझ्या बापाशी भांडतीया!"

"आता भांडू नकोस. नव्या औषधात किड्याला हातसुद्धा लावायचा नाही. नुसते जिवाणू मारायचे, किडा आपोआप मरतो."

"कशानं?"

"उपासानं."

"रांधणारीला मारायचं आन् पोरं उपाशी मरू द्यायची? ह्याला अहिंसा म्हणतीस व्हय?"

"अजून प्रयोगच चाललाय, आज्जी."

"बापाला ह्ये सांगू नगंस. त्यो आजच फवारंल."

"बाबांनीच तर कॉलेजातून मागवलंय. बाटली त्या पिशवीत आहे."

तानुबाईंनी पिशवीवरचे दोन्ही हात झटकन उचलले आणि तसेच वर धरून ठेवले.