कापरं

धाकटी: खरं सांगा भाऊजी. मागच्या खेपेला तुम्हाला कापरं भरलं होतं की नाही?

भाऊजी: नाही.

धाकटी: मग हे स्कॅनचं चित्र खोटं बोलतंय का? बघा तरी. ही तुमची मान, हे खांदे. दिवे लावल्यासारखं चमकतंय सगळं.

भाऊजी: मग चांगलंच की. तूच म्हणाली होतीस, चमकलं म्हणजे ती साखर जाळून ऊब देणारी तपकिरी चरबी जागी झाली.

धाकटी: चरबी चमकली तर. ती गळ्याच्या हाडामागे असते, मणक्याच्या कडेला असते. तिथे तुमच्याकडे अंधार. चमकलेत ते स्नायू. माणूस कुडकुडला की स्नायूच साखर ओढून घेतात, मग चरबीनं काय केलं ते कळतच नाही. डॉक्टरीणबाईंनी अख्खी चाचणी बाद केली.

भाऊजी: वीस वर्षं शीतगृहात, उणे बावीसमध्ये, वाटाण्याची खोकी रचतोय मी. मला तुझ्या ह्या पाण्यानं कापरं भरेल? गोदामात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

धाकटी: वीस वर्षं खरी, पण जाड कोट, दोन टोप्या आणि तीन मोजे घालून. थंडीची आणि तुमच्या अंगाची कधी गाठच पडलेली नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

(अभ्यासकेंद्रातली चाचणीची खोली, दुपार. थंड पाणी खेळवणाऱ्या नळ्यांचं जाकीट घालून भाऊजी आरामखुर्चीत बसले आहेत. धाकटी, त्यांच्या बायकोची बहीण, यंत्रापाशी उभी आहे.)

भाऊजी: बरं. आज काय करायचं?

धाकटी: तेच. एकेक अंश पाणी उतरवत नेते. पहिलं कापरं आलं, नुसती हनुवटी हलली तरी, सांगायचं. मग मी दोन अंश वर घेते आणि तिथेच दोन तास ठेवते. कापरं यायच्या जरा अलीकडे. तेवढ्या गारव्यात ती चरबी काम करते का, ते बघायचंय. आजचीही फुकट गेली तर तुमचं नाव वगळणार. आणि अभ्यासातून वगळलं की तुमच्या कंपनीचे डॉक्टर थांबायचे नाहीत, साखरेपायी आतलं काम बंद करतील, तुम्हाला माहितीय.

भाऊजी: दारावर बसवतील. गाड्यांचे नंबर लिहायला.

धाकटी: बसवू देत की. इतकी साखर वाढल्यावर शीतगृहात काम करायचंच कशाला? बाहेर ऊन असतं, चार माणसं भेटतात.

भाऊजी: नको. आत बरं असतं.

धाकटी: काय बरं असतं आत?

भाऊजी: काही नसतं, तेच बरं. तासाभरात बोटं बधिर होतात, नाक बधिर होतं. मग हळूहळू बाकीचंही. तुझी ताई गेल्याला आठ महिने झाले, अजून दारावरचे लोक विचारतात, कसे आहात म्हणून. काय सांगायचं? आत कोणी विचारत नाही. तोंडावर फडकं असतं प्रत्येकाच्या.

धाकटी: अठरा केलं. काही?

भाऊजी: नाही.

धाकटी: सायकल मारताय का घरी?

भाऊजी: रोज पाऊण तास. तिचं शिवणयंत्र होतं ना, त्या जागी ठेवलीय. पाऊण तास पाय मारतो आणि उतरतो तर तिथेच. सुरुवातीला वाटलं, दमून गेलो की रडू तरी येईल. घाम येतो नुसता.

धाकटी: घामही चालेल. साखर उतरलीय तुमची, थोडी का होईना. व्यायामानं ती तपकिरी चरबी वाढते का, यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. पण स्नायू साखर वापरायला लागतात, हे नक्की. तेव्हा सायकल सोडू नका. सतरा. काही?

भाऊजी: नाही.

धाकटी: हातावर काटा आलाय.

भाऊजी: असेल.

धाकटी: जबडा आवळून धरलाय. पायाची बोटं मुडपलीत. अहो, मी काय तुमचा मुकादम आहे?

भाऊजी: सवय गं. आत आम्ही जोडीनं जातो. एकाला कापरं भरलेलं दिसलं की मुकादम दोघांनाही अर्धा तास बाहेर काढतो. नियम आमच्याच भल्याचा आहे. पण त्या अर्ध्या तासाचं काम बाकीच्यांच्या अंगावर पडतं, आणि ते मग आठवडाभर उगाळत बसतात. म्हणून नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवायचं. जीभ टाळूला लाव, पोट आत घे, बोटं मुडप. कापरं आतल्या आत जिरव. कितीजणांना शिकवलंय मी.

धाकटी: आणि इथे येऊन तेच केलंत. कमाल आहे. बाकीची माणसं अठरालाच कुरकुरायला लागतात. एक मास्तर तर जाकीट बघूनच कुडकुडले होते.

भाऊजी: शहाणा माणूस.

धाकटी: मग सांगताय, की सोळा करू?

भाऊजी: सांगता येत नाही.

धाकटी: त्यात काय न येण्यासारखं आहे? थंडी वाजतेय, एवढंच म्हणायचं.

भाऊजी: तेच. तुझी ताई तसंच म्हणाली होती.

धाकटी: कधी?

भाऊजी: हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तिला हॉस्पिटलात नेलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी. मी कामावरून आलो तर ती पलंगावर पडलेली. म्हणाली, थंडी वाजतेय. मी म्हणालो, ह्याला थंडी म्हणतात का, ये एकदा माझ्याबरोबर गोदामात, थंडी काय असते ते दाखवतो. हसली. दात वाजत होते तिचे आणि ती हसत होती. मी जेवलो आणि झोपलो. सकाळी अंगाला हात लावला तर चटका बसला. डॉक्टर म्हणाले, रक्तात विष पसरलंय, काल आणलं असतं तर.

धाकटी: पाणी वर घेतेय मी. एकोणीस.

भाऊजी: राहू दे.

धाकटी: तुमच्यासाठी नाही. माझंच लक्ष उडालंय, भलतंच काहीतरी दाबेन.

भाऊजी: बोल काय बोलायचं ते. तुझी बहीण होती. आठ महिने वाट बघतोय, कोणीतरी फाडफाड बोलेल म्हणून. मला आत काही वाटतच नाहीये, धाकटे. ह्याचीच भीती वाटते.

धाकटी: मी कुठल्या तोंडानं बोलू? तिनं मलाही फोन केला होता. त्याच दिवशी, तुम्ही घरी यायच्या आधी.

भाऊजी: तुला?

धाकटी: म्हणाली, थंडी वाजतेय गं, गाडी करून तुझ्याकडे येऊ का, तिथल्या कोणालातरी दाखवू. मी इथेच होते. ह्याच खुर्चीत कोणीतरी बसलं होतं, मी पाणी उतरवत होते. दिवसभर परक्या माणसांना विचारते मी, थंडी वाजतेय का, आता वाजतेय का, आणि वेळेसकट लिहून घेते. तिला म्हणाले, पांघरूण घेऊन पड, सकाळी बघू. फोन ठेवला आणि इकडे खुर्चीतल्या माणसाला विचारलं, काही?

भाऊजी: कोणाला बोलली नाहीस ना?

धाकटी: नाही. तुम्हाला ह्या अभ्यासात ओढलं ते साखरेसाठी, असं सगळ्यांना सांगितलं. तुम्हाला थंडी वाजली तर ती तरी वेळेवर कळावी मला, एवढंच होतं मनात.

भाऊजी: सतराला आलं.

धाकटी: काय?

भाऊजी: कापरं. सतराला आलं होतं. मघाशी खोटं बोललो. मागच्या खेपेलाही. लिही.

धाकटी: लिहिलं. म्हणजे एकोणीस बरोबर आहे. आता दोन तास असंच बसायचं. काही जिरवायचं नाही. डोळे मिटले तरी चालतील.

भाऊजी: ऐकलं होतं तिनं तुझं.

धाकटी: काय ऐकलं होतं?

भाऊजी: पांघरूण घेऊनच पडली होती. स्वतःचं घेतलं होतं, वर माझंही घेतलं होतं. झोपताना मी माझं काढून घेतलं.