आचाऱ्याने पाहिलेलं पहिलं लग्न

मंडळी, दगडूबा आचारी रडला! ढसाढसा रडला! सरकारी कचेरीत, भर दुपारी!

…काय? कोण म्हणालं? मी? छे! मी अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही. पखवाजवाले, तुम्ही काही ऐकलंत? — बघा, नाही म्हणतात. मग ऐका पहिल्यापासून.

प्रश्न एवढाच — लग्नाला हजार माणसं येतात; त्यातली लग्न किती जण बघतात?

दगडूबा भोरवडीचा. तीस वर्षं पंचक्रोशीतल्या लग्नांचा स्वयंपाक त्याचा. मसालेभात असा, की व्याही रुसायचं विसरायचे! त्याची एकुलती लेक शेवंता. एक दिवस म्हणाली, "आबा, माझं लग्न नोंदणीचं. तालुक्याच्या कचेरीत. माणसं मोजून सहा."

हातातला झारा पडला!

"आचाऱ्याच्या पोरीचं लग्न, आन् पंगत न्हाई? लोक शेण घालतील तोंडात!"

"माझ्यावर अक्षता पडताना तुम्ही कुठं असाल, आबा?"

"कुठं म्हंजे? चुलीपाशी! भात लागंल की खाली!"

"म्हणूनच."

मंडळी, 'म्हणूनच'! मला इथं दोन तास लागतात. पोरीचं एका शब्दात निरूपण संपलं!

दगडूबा म्हणाला, "मी येनार न्हाई!" बायको हौसाबाई म्हणाली, "नका येऊ. भाताकडं बघा."

कचेरीच्या फळ्यावर नोटीस लागली. तीस दिवस गेले. लग्नाचा दिवस उजाडला. साक्षीदार लागतात तीन. दोन — नवऱ्या मुलाचे आईबाप. तिसरा?

"तुम्ही करा ना सही," साहेब हौसाबाईला म्हणाले.

"न्हाई! ती जागा ह्यांची हाय."

"एकपर्यंत कुणी आलं नाही, तर पुढची तारीख!"

पावणेएक झाले! शेवंता दाराकडे बघतेय… दारात कुणी नाही!

आणि दगडूबा कुठं? अहो, तो अकरापासून तिथंच! डोक्यावर भाताचं पातेलं घेऊन इमारतीला प्रदक्षिणा घालतोय! का? मागचं दार शोधतोय! तीस वर्षांत लग्नघरी पुढच्या दारानं शिरलाय कोण? आणि कचेरीला मागचं दारच नाही!

खिडकीबाहेरून एक पातेलं सरकत गेलं. शेवंता ओरडली, "आबा! पुढनं या!"

तो आला. पातेलं ठेवलं. उभा राहिला. वाजंत्री नाही, माईक नाही. डोक्यावर पंखा कुरकुरतोय. आणि शेवंता म्हणाली — "मी यांना माझा पती म्हणून स्वीकारते."

मंडळी… एवढुसा आवाज! हजार लग्नं जेवू घातलेल्या माणसानं तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकला! लग्न म्हणजे हे? भांड्यांच्या खणखणाटापलीकडं इतकी वर्षं हे चाललं होतं?

"काका, सही."

"थांबा साहेब. बघतोय."

साहेब थांबले! एक वाजून गेला, तरी थांबले! आणि मग दगडूबा — हां, आता झालं बरं का — रडला.

आता मला सांगा, परवाच्या लग्नात नवरीनं कुठल्या रंगाचा शालू नेसला होता? …गप्प! आणि जिलबी? 'जरा कच्ची होती, बुवा!' ही एकमुखी साक्ष! बाबांनो, ज्या मांडवात जाल, तिथं एकदा तरी पानावरून मान वर करा.

दगडूबानं मात्र दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. अजून तिथं फायलीत आहे:

"मा. विवाह अधिकारी यांस — सदर विवाह पुन्हा एकदा लावण्यात यावा. डोळ्यांत पाणी आल्याने अर्जदारास अर्धा दिसला नाही. भात सोबत आणण्यात येईल. कळावे."